पाटावरचा मोबाइल

"मोबाइल ठेव पाटावर," मामा म्हणाले.

"मामा, दोन मिनिटं. एवढं एक बघतो आणि ठेवतो."

"सकाळपासनं तुझी दोन मिनिटंच चाललीत. ठेव. सगळे खोळंबलेत."

सगळे म्हणजे आम्ही चौघंच. दिगंबरमामा, शालनमामी, रेश्मा मुजावर आणि मी. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि हातात झेंडूच्या माळांची टोपली धरली होती. पाटावर खण अंथरलेला. मधोमध आजोबांच्या मागाचा जुना धोटा, शेजारी मामीची कापड कापायची कात्री, मग रेश्माचा मोबाइल, मग मामांचा. माझा लॅपटॉप आधीच चौरंगावर चढला होता. त्याच्या झाकणावर मामीनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आणि ते पुढं कितीही पुसलं तरी निघालं नाही.

मी मोबाइल ठेवला. मामांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि माझा बाहेरच्या जगाशी संबंध संपला.

इचलकरंजीत खंडेनवमीला माग थांबतात हे मी जन्मल्यापासून बघत आलोय. मामांनी पुढं माग विकले आणि त्याच शेडमध्ये कॉम्प्युटर आणून ऑफिस थाटलं, पण खंडेनवमी काही विकली नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार. हत्याराची पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वर्षातनं एक दिवस त्यालाही विसावा. आदल्या वर्षी पूजा झाल्यावर मी कोपऱ्यात मोबाइलवर काम करताना सापडलो, तेव्हापासून मोबाइलही हत्यारांत जमा झाले होते.

चालू राहायचा फक्त सर्व्हर. भिंतीकडेच्या टेबलावर तो घरघरत असायचा. आमचं ऑफिस गावोगावच्या दूध डेअऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवायचं. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, हे तिकडं मापात पडलं की आमच्या सर्व्हरवर नोंदलं जायचं. "गाई-म्हशींना कुठली आलीय खंडेनवमी?" मामा म्हणायचे. "सांजच्याला धार काढावीच लागती." त्यामुळं सर्व्हर चालू, पण त्याच्याही गळ्यात हार, आणि त्याच्या कीबोर्डला हात लावायला बंदी.

आता मला दोन मिनिटं काय बघायचं होतं ते सांगतो.

माझी एक छोटी वेबसाइट होती. 'काय चाललंय' तिचं नाव. त्यावर मी महिन्यातनं एकदा ताजी खबर टाकायचो. तीनच भाग. काम, छंद आणि साइटची डागडुजी. कामात लिहायचो, 'डेअरीचं काम चालू आहे.' छंदात मी काढलेली अक्षरं टाकायचो. गावातल्या जुन्या दुकानांच्या पाट्या बघत हिंडायचं, त्यातला एखादा झोकदार 'ळ' किंवा ढेरपोट्या 'क्ष' हेरायचा आणि घरी येऊन तसली अख्खी वर्णमाला घडवायची, हा माझा नाद. आणि डागडुजीत, 'फोटो फार मोठे होते, लहान केले,' असलं काहीतरी. कोण वाचणार हे? पण अक्षरवेडी माणसं देशभर पसरलेली असतात. पन्नासेक जणांनी आपला पत्ता देऊन ठेवला होता, नवीन काही टाकलं की त्यांना आपोआप मेल जायची.

त्यातला पहिला पत्ता मामांचा. मेल आली की ते जेवताना ती मामीला मोठ्यानं वाचून दाखवायचे, डागडुजीसकट. मग एका बोटानं टाइप करून उत्तर पाठवायचे. उत्तर दर वेळी तेच: 'वाचले. छान. – दिगंबर मामा.' एका पंगतीत बसून जेवणारा माणूस मला मेलनं उत्तर पाठवायचा. साइटही त्यांनी आपल्याच सर्व्हरवर ठेवून घेतली होती. "बाहेर कशाला भाड्यानं ठेवतोस? घरचं असताना?"

हे 'घरचं असताना' माझ्या मानेवर बसलं होतं. वडील गेले तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हतो. मामा आईला आणि मला घेऊन आले, ते आजतागायत. शिकवलं त्यांनी, कॉम्प्युटर घेऊन दिला त्यांनी, आणि शिकून झाल्यावर खुर्चीही त्यांनीच दिली. कधी एक शब्द वाकडा नाही. माणूस वाईट असता तर मी केव्हाच भांडून निघून गेलो असतो. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं? आई होती तोवर उठता-बसता म्हणायची, "मामाचे उपकार फिटायचे न्हाईत बाळा, तेवढं ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं होतं. रोज सकाळी खुर्चीत बसताना तेच ध्यानात यायचं.

आणि त्या भाद्रपदात बंगळूरहून मेल आली होती. कॉम्प्युटरसाठी अक्षरं घडवणारी एक छोटी कंपनी होती तिकडं, त्यांनी माझी वर्णमाला पाहिली होती. या म्हणाले. देवनागरीचं सगळं काम तुमच्याकडं. मात्र दसऱ्यापर्यंत कळवा, दिवाळीनंतर रुजू व्हा.

मी कळवलं नव्हतं. मामांना सांगितल्याशिवाय कळवणार कसं, आणि मामांना सांगणार कसं? मी रोज लिहायला बसायचो, साइटवरच. लिहायचो आणि डोक्यावर 'कच्चा' असा शब्द टाकून ठेवून द्यायचो. तो शब्द दिसला की साइट तो मजकूर बाहेर सोडत नसे. असे कच्चे लेख बरेच साठले होते, अगदी सुरुवातीच्या वर्षांपासनंचे.

त्या सकाळी पूजेच्या आधी मी साइट जुन्या पद्धतीवरनं नव्या पद्धतीवर हलवली होती. डागडुजी! सगळं नीट उतरलं ना, एवढंच दोन मिनिटं बघायचं राहिलं होतं.

आरती झाली. मामांनी नारळ फोडला. शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "चला, आता कुणी हलायचं न्हाई. सांजच्या आरतीपर्यंत सगळ्यांनी हितंच. जेवायचं, गप्पा मारायच्या, आडवं व्हायचं."

मामी पुरणपोळ्यांचा डबा उघडत होती तोवर पाट थरथरला. मामांचा मोबाइल उजळला. अक्षतांचे दाणे त्याच्यावरनं घरंगळले.

रेश्मा सगळ्यांत जवळ बसली होती. आमच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि तिची नजर जेवतानासुद्धा तेच करायची. ती वाकून बघून म्हणाली, "'काय चाललंय: पंचगंगेत पोहायला शिकतोय'. औद्या, हे तर तू कधी टाकलंच नव्हतंस. अर्धवट ठेवलेलं ना हे?"

माझ्या हातातली पोळी तिथंच राहिली.

"अरे वा, औदूची मेल!" मामा खूष झाले. "सणाचीसुद्धा मेल पाठवली बघ पोरानं. उद्या सावकाश वाचतो." त्यांनी मोबाइलकडं बोटही नेलं नाही. नियम म्हणजे नियम.

मला मात्र सगळं एका झटक्यात कळलं. नव्या साइटला माझा 'कच्चा' कळत नव्हता. तिला तिचा वेगळा शब्द हवा होता. तो दिसला नाही म्हणून तिनं माझे सगळे कच्चे लेख पक्के धरले होते आणि एकेक करून सगळ्यांना पाठवायला घेतले होते. जुना आधी, नवा नंतर. एकदम ढिगानं मेल गेल्या तर लोकांना फसवाफसवी वाटते, म्हणून दोन मेलांमध्ये अंतर ठेवायची अक्कलही मीच लढवली होती. म्हणजे हे दुपारभर चालणार होतं. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत नवा, आदल्या दिवशीचा लेख. त्याचं नाव होतं 'मामांना कसं सांगू'.

"काय रे, मिरची लागली?" मामीनं विचारलं. "पाणी पी."

"मामा," मी म्हणालो, "सर्व्हरवर थोडं बघावं लागंल."

"काय झालं?"

"काही न्हाई. माझ्या साइटचं जरा..."

"मग उद्या बघ. साइट कुठं पळून जातीय?"

मी हात धुतो म्हणून मागं गेलो. रेश्मा पाठोपाठ आली.

"सगळे कच्चे चाललेत?" तिनं हळू विचारलं.

"सगळे."

"शेवटचापण?"

मी मान हलवली. तिनं तो वाचला होता. तिला दाखवल्याशिवाय मी काही पुढं नेत नसे, ही सवय तिनंच लावली होती.

"आयला," रेश्मा म्हणाली. "कुणाच्या तरी घरनं बंद करता येईल की. दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं."

"कुणाच्या? आज अख्ख्या गावात एक कॉम्प्युटर दाखव बिनहाराचा. आणि पासवर्ड माझ्या मोबाइलमध्ये, मोबाइल पाटावर."

"मग मी हात लावते सर्व्हरला. मला काय म्हणतील? म्हणतील, पोरीला ठाऊक नव्हतं."

"काही म्हणणार न्हाईत ते. त्याचंच तर वाईट वाटंल. पूजा करताना तुझ्या कॉम्प्युटरला तुझ्याच हातनं हार घालायला लावला त्यांनी."

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "ते बी खरंच."

आम्ही परत आलो तर मोबाइल पुन्हा उजळला होता, आणि या वेळी मामा स्वतः चष्मा सावरून लांबनं वाचत होते. हात लावायचा नाही, पण वाचायला काय हरकत, असा त्यांचा हिशेब.

"'डेअरीचा कंटाळा'," त्यांनी वाचलं. "औदू, कुणाला आला रे डेअरीचा कंटाळा?"

रेश्मा चटकन म्हणाली, "म्हशींना, मामा. उन्हाळ्यात येतो की त्यांना. दूध आखडतात."

"असं व्हय? त्यावर पण लिहिलंस? बरं केलंस." आणि मामीकडं वळून, "बघ, म्हशींचासुद्धा विचार करतंय पोरगं."

हसू येतंय ना तुम्हाला? मला तेव्हा रडू येत होतं. मी पाटाच्या समोर मांडी घालून बसलो होतो आणि माझी सगळी वर्षं एकेक करून त्या मोबाइलवर उजळत होती. 'आज पुन्हा तेच'. मग 'एकच खिडकी'. मग 'पुण्याची मुलाखत, गेलो नाही'. हातभर अंतरावर मोबाइल, चार पावलांवर सर्व्हर, आणि मध्ये हळदकुंकवाची दोन बोटं. मामा प्रत्येक नाव कौतुकानं वाचायचे आणि म्हणायचे, "आज लईच लिवलंय बाबा ह्यानं." त्यांना वाटत होतं, सण म्हणून मी त्यांच्यासाठी साठवून ठेवलेला फराळच बाहेर काढलाय.

एकदा मी उठून सर्व्हरच्या दिशेनं गेलोही. सरळ बटण दाबायचं, ठरवलं होतं.

"कुठं?" मामांनी विचारलं.

"फूल पडलंय, ते ठेवतो."

"असू दे. पडलेलं फूल म्हणजे परसाद. कानाला लाव." मग तेच उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आलायसच उठून तर एक दाखवतो. उद्या दाखवणार होतो, पण दम निघंना."

कपाटामागून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. सागवानी पाटी होती, चांगली रुंद, कडेला नक्षी. वर एक अक्षर नाही.

"ऑफिसची नवीन पाटी. 'तारळेकर आणि भाचा'. कोरी आणलीय, कारण अक्षरं तूच काढायचीस. तुझ्यासारखी अक्षरं गावात कोण काढतंय? उद्या दसऱ्याचा मुहूर्त. उद्यापासनं ऑफिस निम्मं तुझं."

मामीनं पदर डोळ्याला लावला. रेश्मा जमिनीकडं बघत होती. मी ती पाटी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. जड होती. मामांच्या चेहऱ्याकडं बघायची माझ्यात ताकद नव्हती.

"आवडली न्हाई?"

"आवडली, मामा. लई आवडली."

पाटीचं लाकूड खरंच सुरेख होतं. तेवढ्यात पाठीमागं पाट थरथरला. 'बंगळूरहून मेल'.

"बंगळूरला कोण आहे आपलं?" मामांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी ऑफिसचा फोन वाजला. तारेचा जुना फोन, त्याला मामांनी हत्यार मानलं नव्हतं. मामांनी उचलला आणि ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. एका डेअरीतनं होता. माणसं कॅन घेऊन रांगेत उभी आहेत, माप होतंय पण नोंद पडत नाही, सगळं गोगलगायीसारखं चाललंय. फोन ठेवला तोच दुसऱ्या गावचा वाजला. तिथंही तेच.

मला कारण ठाऊक होतं. माझी साइट प्रत्येक लेख पाठवताना त्यातल्या अक्षरांची सगळी मोठमोठी चित्रं नव्यानं घडवत बसली होती, आणि सर्व्हरची ताकद गिळत होती. माझ्या कंटाळ्यानं डेअरीचं दूध अडवलं होतं.

"कोरी वही काढून लिहून घ्या म्हणावं," मामी म्हणाली. "एक दिवस."

"फॅटचं यंत्र आपल्याला जोडलंय. लिहिणार काय?" मामा येरझाऱ्या घालायला लागले. धोटा, हार, सर्व्हर, फोन, पुन्हा धोटा. "पुराच्या साली शेडमधल्या गाळात बसून पूजा केली, पण नियम मोडला न्हाई कधी."

"मामा," मी म्हणालो. "ते माझ्यामुळं झालंय. माझ्या साइटमुळं. मला हात लावू द्या, आत्ता नीट करतो."

ते थांबले. मग पुढं झाले, दोन्ही हात जोडून सर्व्हरला नमस्कार केला आणि म्हणाले, "माणसं दूध घिऊन उभी आहेत. मोडतो बाबा, माफ कर." आणि स्वतःच्या हातानं हार काढला. "बस, औदू."

मी बसलो. कीबोर्डवर कुंकू सांडलं होतं, बोटं लाल झाली. मामा माझ्या मागं उभे राहिले, खुर्चीच्या पाठीला धरून. मी साइटचं काम थांबवलं. खरंच दोन मिनिटांचं काम होतं ते. थांबवलं आणि पडद्यावर नोंदी भराभर पडायला लागल्या. कुठली तरी म्हैस, कुठलं तरी दूध, कुणाचं तरी नाव. रेश्मानं दोन्ही डेअऱ्यांना फोन लावून विचारलं. सुरू झालं होतं.

"झालं?" मामांनी विचारलं.

पडद्यावर खाली एकच ओळ उरली होती. पाठवायची राहिलेली मेल: 'मामांना कसं सांगू'. मामांनी चष्मा लावलेला होता. ती ओळ त्यांनी वाचली की नाही, मागं वळून बघायचं माझं धाडस झालं नाही. मी नुसतं 'झालं' म्हणालो असतो तर ती तिथंच पुसली गेली असती. दिवाळी आली असती. पाटीवर मी झोकदार अक्षरांत 'आणि भाचा' लिहिलं असतं. रेश्मा माझ्याकडं बघत होती.

"एक राहिलंय," मी म्हणालो.

"मग?"

"पाठवू का?"

खुर्चीची पाठ मामांनी घट्ट धरली होती, ते मला जाणवत होतं.

"हात लावलाच आहेस तर पुरं कर," ते म्हणाले. "अर्धं ठेवू नये."

मी बटण दाबलं. मागं पाट थरथरला, मोबाइल उजळला आणि विझला. मामांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी हार उचलला आणि सर्व्हरला पुन्हा घातला. संध्याकाळच्या आरतीत त्यांचा आवाज लागला नाही, एवढंच. घरी जाताना पाटी त्यांनी स्वतः उचलली, मला हात लावू दिला नाही.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. मामांनी धोट्याला नमस्कार केला, मोबाइल उचलला, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं आणि खिडकीजवळ खुर्ची ओढून वाचायला बसले. सगळ्यांत जुन्यापासून. मधला एकही सोडला नाही. मामीनं चहा ठेवला, तो निवला. आपट्याच्या पानांचा ढीग टेबलावर पडून होता, कुणी कुणाला पान दिलं नव्हतं. मी रेश्माच्या शेजारी शाळेतल्या पोरासारखा उभा होतो.

शेवटी त्यांनी मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

"म्हशींना कंटाळा," ते म्हणाले.

"चुकलं, मामा," रेश्मा म्हणाली.

"आणि तू. किती वर्षं झाली ह्याला?"

"बरीच."

"का न्हाई बोललास?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं ऑफिस काढलंत. मी गेलो तर तुम्ही एकटे कसं चालवणार?"

मामांनी मामीकडं पाहिलं. मामीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मामांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मी घाबरलोच.

"अगं, ऐकलंस का? कोल्हापूरची ती मोठी कंपनी दोन वर्षं मागं लागलीय. म्हणतात, तुमच्या डेअऱ्या आम्हाला द्या, तुम्ही मोकळे व्हा. मी न्हाई म्हणतोय. का? तर औदूचं कसं होणार! पहाटे फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतोय रे. मला परसात एक हातमाग टाकायचाय, हिला एक लुगडं विणून द्यायचंय, पुन्हा हा धोटा हातात धरायचाय. पण भाच्यासाठी दुकान उघडं ठेवलंय म्हणून बसलोय." त्यांनी डोळे पुसले. "मी तुझ्यासाठी बसलोय आणि तू माझ्यासाठी बसलायस. मग हे ऑफिस चालतंय कुणासाठी?"

एवढी वर्षं मी ज्या खोलीत कोंडला गेलो होतो, तिच्या दाराशी मामा पहारा देत नव्हते. तेही आतच होते, माझ्या शेजारी.

मामांनी एकदम मान वळवली. "रेश्मा, तुला पण कुणी अडकवून ठेवलंय का हितं? असलं तर आजच सांग बाई, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"मला न्हाई कुणी अडकवलं," रेश्मा म्हणाली. "मला आवडतं हे काम, मामा. डेअरीवाल्यांचे फोनसुद्धा आवडतात. मी तर वाट बघत होते, तुम्ही दोघं कधी एकदा खुर्च्या सोडताय."

"बघ!" मामा टाळी देत म्हणाले. "एक तरी माणूस स्वतःच्या पायानं आलंय म्हणायचं."

कोल्हापूरच्या कंपनीला त्यांनी नंतरही नाहीच म्हटलं, पण ते रेश्मासाठी; ऑफिस तिच्या हाती दिलं. त्या सागवानी पाटीवरची अक्षरं मीच काढली, निघायच्या आदल्या आठवड्यात. रेश्माचं नाव होतं त्यावर. 'श' काढताना मी जीव ओतला. मामांचा हातमाग आज परसात आहे, आणि खंडेनवमीला त्याच्यावर पहिला हार चढतो. इकडं बंगळूरला मीही त्या दिवशी मोबाइल पाटावर ठेवतो. इकडची मंडळी हसतात, हसू देत.

पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी मामांनी आपट्याची पानं हातात घेतली, मला दिली, मी त्यांच्या पाया पडलो. मग ते पुन्हा खिडकीजवळ गेले, पाठ आमच्याकडं करून उभे राहिले आणि बराच वेळ एका बोटानं काहीतरी टोचत बसले.

माझा मोबाइल अजून पाटावरच होता. तो थरथरला. मी उचलला. पडद्यावर हळदीचं बोट होतं, ते पुसून वाचलं. 'मामांना कसं सांगू' या मेलला उत्तर आलं होतं.

'वाचले. छान. असंच सांगायचं. – दिगंबर मामा.'